पाखऱ्या काळी एकमध्ये हंबरतो

दौंड,
१३ नोव्हेंबर २०२४

माननीय आनंदराव चेअरमन साहेब,
मु. वडगाव रासाई, ता. शिरूर.

सप्रेम सलाम.

मी मर्सी. शिरूरच्या इसहाक मामांची भाची. दौंडला राहते, इथल्या शाळेत मुलांना गाणं शिकवते. सोमवारपासून तुम्हाला फोन करते आहे. दर वेळी तुमची नात राजनंदिनी उचलते आणि दर वेळी मागून तुमचा आवाज येतो, "जे काय असंल ते लेखी द्या म्हणावं." तुम्ही दूध सोसायटीचे चेअरमन होता हे मामानं सांगितलं, तेव्हा मला उलगडा झाला. तर हे घ्या लेखी.

रविवारी शिरूरच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. तुम्ही दरवर्षी मामाचे पाहुणे म्हणून येता, त्यामुळे रीत तुम्हाला माहीत आहे. शेतात, परसात जे पिकलं ते लोक वेदीसमोर आणून ठेवतात आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. पुकारणारा माझा मामा. त्याच्या पुकाऱ्यात अशी काही जादू आहे की माणूस स्वतःच आणलेली कोंबडी चढ्या बोलीनं परत विकत घेतो आणि वर हसत घरी जातो.

उपासनेत मी एक गीत वाजवलं. मग गिटार गोधडीत गुंडाळून वेदीच्या कडेला ठेवली, एका मोठ्या भोपळ्याला टेकवून. तिथंच माझं चुकलं. मागं जाऊन जेवणाचा रस्सा ढवळत होते, तेवढ्यात अंगणातून मामाचा आवाज आला, "माझ्या मर्सीनं स्वतःचं वाद्य देवाला वाहिलं." मी पळी घेऊन तशीच दारात आले, तर मामा एका हातानं डोळे पुसतोय आणि दुसऱ्या हातात माझी गिटार उंच धरलीय, आणि अख्खी मंडळी टाळ्या वाजवतेय.

साहेब, मी वाहिली नव्हती. मी टेकवली होती.

पण मामाचं तोंड बघून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी त्याच्याच घरी लहानाची मोठी झाले. त्याला इतकं खूश मी माझ्या पदवीच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याला हे कळू द्यायचं नाही, तेवढी विनंती. शेवटची बोली तुमची होती. तुमचे पैसे मी फेडीन. गिटार मला द्या.

ती दुकानात मिळते तशी गिटार नाही. मी ती मांडीवर आडवी ठेवून वाजवते, मिरजेला जाऊन तिला सतारीसारख्या जास्तीच्या तारा बसवून घेतल्यात. जगात तशी दुसरी नाही. असली तर ती मला वाजवता येत नाही.

आपली,
मर्सी

---

वडगाव रासाई,
२६ नोव्हेंबर २०२४
जावक क्र. ४

प्रति,
कु. मर्सीबाई, दौंड.

विषय : लिलावात घेतलेली वस्तू परत मिळणेबाबत.

महोदया,

आपला अर्ज पोहोचला. निवडणुकीच्या धामधुमीमुळे उत्तरास विलंब झाला. सदर वस्तू चार लोकांसमक्ष, जाहीर लिलावात घेतलेली आहे. चार लोकांसमक्ष झालेला व्यवहार फिरवण्याची या कार्यालयाची पद्धत नाही. सबब अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कळावे.

हे झालं कार्यालयाचं. आता माझं ऐका.

मर्सीबाई, वस्तू चांगल्या ठिकाणी हाय, घोर लावून घेऊ नगा. तिला ऊन न्हाई, पाऊस न्हाई, वारं खेळतं. येणारा जाणारा तिच्याकडं बघतो. पैशाचं तर बोलूच नगा. देवाघरी दिलेलं परत घेतलं तर इसहाक मला पंगतीला बसवायचा न्हाई. तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी हुता. माझी सही बी माझ्यापेक्षा तोच बरी करायचा. त्याला तुमची गोष्ट सांगणार न्हाई, हा शब्द.

आन् माझे उपकार माना की. समोरनं बोली कुणाची हुती बघितली का? कोरेगावचा डीजेवाला सुरज. त्याला तुमची गिटार टेम्पोच्या टपावर उभी करायची हुती, आतनं लाल-निळे लाइट सोडून. मी बोली चढवली नसती तर आज ती वरातीत नाचत असती.

एक इचारायचं हुतं. गोधडीत एक गुळगुळीत लोखंडी कांडी निघाली. ती कशाची? आमच्या कारभारणीनं, विठाबाईनं, ठेवून घेतलीय. वेलदोडे कुटायला तिच्यासारखी चीज न्हाई म्हणती. चहाला लई चव आली.

आपला,
आनंदराव
चेअरमन (माजी)

---

दौंड,
३० नोव्हेंबर २०२४

आबा,

"साहेब" लिहायला बसले होते, पण तुमच्या पत्राचा दुसरा भाग वाचला आणि आबाच निघालं. राग मानू नका.

वेलदोडे.

आबा, मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पाणी प्यायले. ती कांडी म्हणजे माझा गळा आहे. माझ्या मामेभावानं, नोएलदादानं, सणसवाडीच्या कारखान्यात सुपरवायझरची नजर चुकवून लेथवर केलेली. डाव्या हातात ती धरायची आणि तारेवरून सरकवायची, मग सूर तुटत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, गळ्यातून निघावा तसा जातो. त्याला आम्ही मींड म्हणतो. विठाबाईंना सांगा, वाटल्यास मी पितळी खलबत्ता आणून देते, नक्षीचा.

आता सगळंच सांगते. पुण्याला एक ताई आहेत, त्यांच्याकडे मी लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकते. ताई फार मोठ्या, आणि माझा गळा बेताचा. त्यांनी दाखवलेली मींड माझ्या डोक्यात सरळ जाते आणि गळ्यात अडकते, पुण्याहून येताना गाडी केडगावला थांबते तशी, कारण न सांगता. एकदा जुन्या बाजारात ही गिटार दिसली. गंमत म्हणून घरी आणून मांडीवर आडवी घेतली, तारेवरून चमच्याची दांडी फिरवली, आणि जी मींड इतकी वर्षं रुसून बसली होती ती आपली आपण बाहेर आली. मी एकटीच खोलीत हसत सुटले. शेजारीण विचारायला आली, बरी आहेस ना.

ताईंना मात्र हे मुळीच पसंत नाही. त्या म्हणतात, ते परक्याचं वाद्य, ते ठोकळ्या ठोकळ्यानं बोलतं, त्याला गाता येत नाही. फार विनवण्या केल्यावर एकदाच ऐकायला तयार झाल्यात. १२ जानेवारीला दौंडमध्ये त्यांच्या शिष्यांची सभा आहे, दुपारी. तिथं मी वाजवायचं. त्यांना पटलं तर गिटार शिकवतील. नाही पटलं तर मी ती कायमची खाली ठेवायची, असा शब्द मी देऊन बसलेय.

आणि गिटार तुमच्याकडे आहे. मी सध्या इस्त्रीच्या टेबलावर रियाज करते.

गिटार कुठल्या भिंतीला आहे तेवढं तरी कळवा. आणि तिच्या खुंट्या कुणी पिळू नका.

तुमची,
मर्सी

---

वडगाव रासाई,
९ डिसेंबर २०२४

मर्सी पोरी,

आशीर्वाद. तू आबा म्हणालीस, आता तुला जावक नंबर घालणं बरं दिसत न्हाई.

गिटार भितीला न्हाई. गोठ्यात हाय, तुळईला. रागावू नगं, आधी पुढं वाच.

आमची शर्यतीची जोडी हुती, पाखऱ्या आन् मल्हारी. वासरं हुती तवापासनं एका गव्हाणीला, एका जुवाला. दिवाळीच्या आधी मी मोतीबिंदूला पुण्याला गेलो. परत येऊन बघतो तर मल्हारीचं दावं मोकळं. आमच्या पोराला, इंद्रजीतला, नवी जीप घ्यायची हुती, त्यानं भर बाजारात चार लोकांत इकला. मोतीबिंदू काढला तवा पयल्यांदा काय दिसलं म्हणशील, तर रिकामा खुटा.

त्या दिसापासनं पाखऱ्यानं वैरण सोडली. मका ठेव, पेंड ठेव, वास घेऊन मान फिरवायचा. दिसभर हंबरायचा आन् मग कान टवकारून उभा ऱ्हायचा, कुणी वळकीचं उत्तर देतंय का म्हणून. बरगड्या मोजाव्यात असा झाला. डॉक्टर म्हणाला, औषध न्हाई, ह्यानं मनाला लावून घेतलंय. पोरी, मी माणसांच्या लई मयती बघितल्या, पर त्या जनावराचं ते ऐकत उभं ऱ्हाणं मला बघवत नव्हतं.

सणाच्या दिशी तुझी गिटार घेऊन आलो. बंगल्याला नवा रंग दिलाय, विठाबाई खिळा मारू देईना. म्हणून गोठ्यात अडकवली. सकाळी धारा काढायच्या टायमाला पाखऱ्या हंबरला. आन् गिटार बोलली. कुणाचा हात न्हाई, वारं न्हाई. आपली आपण, लांबनं कुणीतरी ओ द्यावी तशी. पाखऱ्याचे कान उभे ऱ्हायले. परत हंबरला, परत ओ आली. माझ्या हातातली चरवी तशीच. मग त्यानं मान खाली घातली आन् गव्हाण साफ केली. राजनंदिनी नाचायला लागली, विठाबाईनं गिटारीला हळदकुंकू लावलं. (थोडं सांडलंय. पुसून घे.)

तवापासनं रोज तसंच. आधी हाक, मग ओ, मग वैरण. आता तूच सांग, तुला गिटार दिली तर ह्याला ओ कोण देईल?

आनंदराव आबा

---

दौंड,
१४ डिसेंबर २०२४

आबा,

तुमचं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं. हसता हसता रडले आणि रडता रडता पुन्हा हसले. आमचे हेडमास्तर जेम्स सर दारातून बघून गेले आणि त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा देऊन टाकली, न मागता.

गोठ्यात भुताटकी नाही. त्या गिटारीला वरच्या जाड तारा आहेत त्या मी वाजवते. खाली बारीक तारांची एक रांग आहे, तिला तरफ म्हणतात. तिला कुणी हात लावायचा नसतो. तिच्याशी जुळणारा सूर जवळपास कुठं जोरात निघाला की ती आपली आपण गुंजते. म्हणजे तुमचा पाखऱ्या माझ्या गिटारीच्या सुरात हंबरतोय.

मला खरं वाटेना, म्हणून राजनंदिनीकडून त्याचा व्हिडिओ मागवला. (तिला ओरडू नका, मीच गळ घातली.) पेटी घेऊन बसले. आबा, पेटीच्या पट्टीवर पहिलं काळं बटण असतं, त्याला काळी एक म्हणतात. पुष्कळ गवई तोच आपला सा मानून गातात. माझी गिटारही तिथंच लावलेली. आणि तुमचा पाखऱ्या काळी एकमध्ये हंबरतो, केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. माझ्या वर्गात चाळीस पोरं आहेत, त्यांचा सा लावता लावता माझं वय झालं. हा जन्मतः सुरात.

मी आता त्याच्यावर रागावूही शकत नाही. पण एक सांगू का? तरफ त्याचाच सूर त्याला परत देते. स्वतःचं ती काही बोलत नाही. तो बिचारा स्वतःच्याच आवाजाला मल्हारी समजून जेवतोय. त्याला मल्हारी पाहिजे.

मल्हारी कुणी घेतला?

मर्सी

---

वडगाव रासाई,
२० डिसेंबर २०२४

मर्सी,

मल्हारी दगडोबानं घेतला. तुमच्या दौंडाच्या अलीकडं नदीकाठाला त्याचा मळा हाय. पर मी मागायला जाणार न्हाई, तू बी तो विषय काढू नगंस. आपल्या पोरानं चार लोकांत इकलेला बैल बापानं परत मागायचा, म्हंजी आपल्याच हातानं आपली पगडी उतरवायची.

कांडी पाठवतो. घासून धुतली, तरी वास ऱ्हायलाय. विठाबाई दोन दिस बोलली न्हाई माझ्याशी. गिटारीचं मातर अवघड हाय.

नाताळच्या शुभेच्छा. इसहाकच्या हातचा केक ये म्हणलं तर येईन खायला.

आबा

---

दौंड,
२८ डिसेंबर २०२४

आबा,

विषय काढू नको म्हणालात, म्हणून काढला नाही. सरळ दगडोबांच्या मळ्यात गेले. रिक्षात पेटी घेऊन.

त्यांची सून करिश्मा दारात आली. पेटी बघून म्हणाली, "तुम्ही लसीकरणाच्या का?" मी म्हटलं, नाही, मी बैलाचा सूर बघायला आलेय. तिनं आत बघून हाक मारली, "मामंजी, तुमच्याकडंच कुणीतरी आलंय," आणि मला चहा देऊन मजा बघायला ओट्यावर बसली.

मल्हारी भिंतीकडे तोंड करून उभा होता. पांढराशुभ्र, आणि डोळ्यांत काही नाही. मी पेटीवर काळी एक धरली आणि आ लावला. तो हळूच वळला. माझ्याकडे नाही, माझ्या मागं बघत होता, पाखऱ्या कुठं दिसतो का म्हणून. आणि मग हंबरला. आबा, पंचम. पाखऱ्याचा सा आणि ह्याचा बरोब्बर त्यावरचा प. तानपुऱ्यात असतात ना, तेच दोन सूर. मी पेटी सोडून टाळ्या वाजवल्या. दगडोबा मला बाहेर काढतील असं वाटलं, पण ते खाटेवर बसून डोकं खाजवत म्हणाले, "घेतल्यापासनं मुका हुता. शर्यतीच्या घाटात उतरवला की जागचा हलत न्हाई. लोक हसत्यात मला. आनंदरावांनी नुसता शब्द टाकला तर आजच्या आज देतो. पर त्यांनी मागावा. मी होऊन नेऊन दिला तर म्हणतील, दगडोबाला जनावर झेपलं न्हाई."

म्हणजे तुम्ही दोघं आपापल्या पगड्या धरून बसलाय आणि मधल्यामधे दोन बैल झुरतायत.

आबा, तुमच्या पहिल्या पत्रातलं वाक्य मी पाठ केलंय. "चार लोकांसमक्ष झालेला व्यवहार फिरवण्याची या कार्यालयाची पद्धत नाही." त्या एका वाक्यात माझी गिटारही अडकलीय आणि तुमचा मल्हारीही. बघा पटतंय का.

माझं म्हणणं असं. गिटार पाखऱ्यापासून तोडू नका. पण नाताळच्या सुट्टीत मला गोठ्यात येऊन रियाज करू द्या. आणि १२ तारखेला गिटार आणा, पाखऱ्यालाही टेम्पोत घालून आणा, हॉलच्या मागं मोकळं मैदान आहे. दगडोबांनाही मी आमंत्रण दिलंय, मल्हारीसकट. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

मर्सी

---

वडगाव रासाई,
३० डिसेंबर २०२४

मर्सी,

ये. गोठ्यात खुर्ची टाकतो. पंखा बी लावतो.

दगडोबाचं मी काय वाचलं न्हाई असं समज.

आबा

---

वडगाव रासाई,
१५ जानेवारी २०२५

मर्सी पोरी,

तिळगूळ घे, गोड बोल. गोड बोलशील का न्हाई कोण जाणे, म्हणून आधी माझी बाजू मांडतो.

सुट्टीभर तू गोठ्यात बसून वाजवलंस, त्याचा हा परिणाम. पाखऱ्याला सवय लागली. तू वाजवायचीस आन् तो रवंथ करत मान डोलवायचा. रविवारी तू गिटार घेऊन आत गेलीस, आन् आम्ही मागच्या मैदानात टेम्पोत. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो हुतो, गोंजारत, गप ऱ्हा बाबा म्हणत. ऱ्हायला बी. थोड्या वेळानं आतनं तुझा तो सूर आला, लांबलचक, खाली उतरणारा. त्यानं कान टवकारले, आन् मी वेसण धरीपर्यंत काम झालं. असा हंबरला की हॉलच्या काचा थरारल्या.

आतनं लोक हसलेले मला ऐकू आले. म्हणलं, आनंदराव, पोरीचं वाटोळं केलंस तू. जन्माचा एक दिस तिचा, आन् तिथं बैल घेऊन आलास. त्याचं तोंड दाबायला गेलो तर त्यानं मला चिपाडासारखं बाजूला सारलं आन् परत हंबरला.

तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाला दगडोबाचा टेम्पो आला. मल्हारीनं ऐकलं. पोरी, मला त्या बैलाचा आवाज विसरायचा न्हाई. टेम्पोची फळी पाडली त्यानं. दोघांनी एकमेकाच्या मानंवर मान टाकली आन् मधीच हंबरायचे, गप व्हायचे, चाटायचे. आमचा टेम्पो इंद्रजीत चालवत आला हुता. तो खाली मान घालून जो उभा ऱ्हायला तो हललाच न्हाई.

दगडोबा माझ्याकडं बघंना, मी त्याच्याकडं बघंना. भोवती निम्मं दौंड जमलेलं. मग मी टोपी काढली आन् म्हणालो, "दगडोबा, माझा बैल मला परत दे." लेखी न देता. तो म्हणाला, "मी सकाळपासनं त्याची झूल धुऊन आणलीय." आन् रडायला लागला येडा. मग मी बी.

रस्त्यावर गाड्या तटल्या, पोलीस शिट्ट्या मारायला लागला, म्हणून जोडी घालून निघालो. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली न्हाई. गिटार तुझ्याकडंच ऱ्हायली. आत काय झालं ते कळव. शिव्या असल्या तरी चालतील, पर कळव.

आबा

---

दौंड,
१७ जानेवारी २०२५

आबा,

गोड बोलायचंय, पण आधी आतलं ऐका.

दुपारचा राग, भीमपलास, घेतला होता. ताई पहिल्या ओळीत, डोळे मिटून, तोंड असं की समोर दगडाची भिंत बरी. मींड निघत होती, पण भीत भीत, माझ्या गळ्यातून निघते तशी. मला कळत होतं की गेलं. मग बाहेरून पाखऱ्या हंबरला.

अख्खी सभा हसली. मी दोन्ही हात उचलले, लाज वाटून. आणि त्या शांततेत, हात वर असताना, गिटार बोलली. तरफ. सगळ्यांनी ऐकलं. ताईंनी डोळे उघडले.

मला काय झालं माहीत नाही आबा, मला हसू आलं. सभेत, ताईंसमोर, गोठ्यात यायचं तसं. हसत हसतच मी कांडी खाली टेकवली आणि पाखऱ्याला ओ दिली, खालून वर, तो देतो तशीच लांब. तो परत हंबरला. मी परत दिली. मग लांबून मल्हारीचा पंचम आला. मागं बसलेल्या मुलीनं तानपुरा धरला होता, तिचा हात थांबेना. ताई तिला म्हणाल्या, "ठेव तो खाली. बाहेर लागलाय तानपुरा."

मग मी वाजवलं. तुमची जोडी मैदानातून निघेपर्यंत आणि निघाल्यावरही. किती वेळ ते मला आठवत नाही. एकदाही भीती वाटली नाही.

संपल्यावर ताईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "मी समजत होते ह्याला गाता येत नाही. गायला तूच घाबरत होतीस. आज पहिल्यांदा हसून सा लावलास." मग उठता उठता म्हणाल्या, "रविवारपासून घेऊन ये." मी इतकी गोंधळले होते की विचारलं, "कोणाला?" तर म्हणतात, "गिटारीला. आणखी कोणाला, बैलाला?"

इसहाक मामा शेवटच्या रांगेत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बघितलंस, देवाला वाहिलेलं वाद्य कसं वाजतं ते." मी मान डोलावली. आबा, त्याला कधीही सांगायचं नाही.

पण गिटार तुमची आहे, चार लोकांसमक्ष घेतलेली. पाखऱ्याला अजून लागत असेल तर सांगा, मी आणून टांगते, दर रविवारी घेऊन जात जाईन. खोटं बोलत नाही. पण "नको" म्हणालात तर मला फार आनंद होईल.

तुमची,
मर्सी

---

वडगाव रासाई,
२६ जानेवारी २०२५
जावक क्र. ५

प्रति,
कु. मर्सीबाई, दौंड.

विषय : लिलावातील वस्तू वाजविण्यास देणेबाबत.

महोदया,

सदर वस्तूची मालकी खाली सही करणाराकडेच राहील व ती कायम आपणाकडे वाजविण्यासाठी राहील. मात्र दरवर्षी हंगामाच्या सणास आपण ती शिरूरच्या चर्चमध्ये भोपळ्यास टेकवून ठेवावी. श्री. इसहाक यांनी ती पुकारावी. शेवटची बोली खाली सही करणाराचीच असेल, व पंगत उठल्यावर वस्तू पुन्हा आपणाकडे येईल. ठराव एकमताने मंजूर.

आता माझं.

इसहाक परवा गोठ्यात आला हुता. तुळई मोकळी बघून त्याचं तोंड उतरलं. "माझ्या भाचीनं वाहिलेली वस्तू अजून परत आली न्हाई?" मी म्हणालो, आरं, वाहिलेली खरी, पर वाजवायला तिच्याबिगर कोण हाय? त्याला लगीच पटलं. म्हणूनच वरचा ठराव. दरवर्षी त्याला रडायला मिळंल, आन् मला त्याच्या पंगतीचा रस्सा.

आन् तुला एक सांगायचं ऱ्हायलं. डीजेवाल्याचं मी सांगितलं ते खरं हाय, पर निम्मं. त्या दिशी तू पळी घेऊन दारात आलीस तवा मी तुझ्याकडंच बघत हुतो. पळीतला रस्सा तुझ्या पायावर सांडला, कढत, तुला पत्ता न्हाई. तोंड उघडलंस, मामाकडं बघितलंस, आन् मिटलंस. वस्तू वाहिलेली न्हाई हे मला तितंच कळलं. म्हणलं, ही आपण घ्यायची आन् सोमवारी गुपचूप पोचती करायची. मधी पाखऱ्या आडवा आला, आन् माझा पाय निघंना. तू लिवतीस, मी वाहिली नव्हती, टेकवली हुती. गिटार टेकवली असशील पोरी. पर दारात उभी ऱ्हाऊन जे गप बसलीस, ते वाहिलंसच की. इसहाकनं तुला वाढवलं, त्याची फेड ह्याच्यापेक्षा मोठी कोण करणार हाय.

जोडी बरी हाय. मल्हारी आल्यापासनं गोठ्यात कुणी हंबरत न्हाई. शेजारी असलेल्याला हाक कशाला मारायची? मला मातर सकाळी चुकल्यासारखं होतं. एखाद्या रविवारी पुण्यासनं परतताना येऊन वाजवून जा, खुर्ची तितंच ठेवलीय.

विठाबाई सांगती, तू आणून दिलेल्या नक्षीच्या खलबत्त्याला काय अर्थ न्हाई, चहाला पयल्यासारखी चव ऱ्हायली न्हाई. तवा येताना कांडी आणशीलच. वाजवायच्या आधी वेलदोडे तेवढे कुटून घेऊ.

आबा